कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला?

ग्रंथालय म्हटलें कीं आमच्या खेडुत बंधूंच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें? ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली, तिच्यावर रंगविलेली पाटी, आंत दोन लोखंडी कपाटें, त्यांना कुलुपें, आणि बाकावर पडलेलें कालचें वर्तमानपत्र. कपाटांत पुस्तकें आहेत हें सर्वांस ठाऊक असतें. पण तीं कोणासाठीं आहेत, हें ज्याच्या कमरेला किल्ली आहे त्यालाच ठाऊक असतें. आज आम्हांला या किल्लीविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय दिसावयास लहान आहे. परंतु शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील ज्या लोकांना गांवाच्या नकाशांत जागा नाहीं आणि पुस्तकांत धड नांव नाहीं, त्यांचें हित त्यांत गुंतलेलें आहे. म्हणून वाचकांनीं तो शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंति आहे.

सन १९९९ सालीं न्यूझीलंड देशांतील ऑकलंड शहरीं एक निराळीच परिषद भरली. त्या देशाचे मूळचे रहिवासी जे माओरी लोक, त्यांच्यांतील ग्रंथालयांत काम करणाऱ्या मंडळींनीं १९९२ सालींच ‘ते रोपू फाकाहाऊ’ नांवाची आपली स्वतंत्र संस्था काढली होती. निरनिराळ्या देशांतील मूळच्या रहिवाशांपैकीं जे ग्रंथपाल झाले, त्यांना या परिषदेच्या निमित्तानें एका ठिकाणीं बसतां आलें. पुढें ही परिषद एकाच देशांत अडकून राहिली नाहीं. उत्तरेकडील सामी लोकांचा मुलूख, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असें फिरत फिरत तिचें काम चालत आलें. तेथें जमणारी मंडळी केवळ भाषणें ऐकावयास येत नाहींत. आपल्या पणज्यांनीं म्हटलेलीं गाणीं आणि त्यांचीं छायाचित्रें परक्यांच्या संग्रहांत पडलीं आहेत, तीं परत कशीं मागावींत. आपल्या भाषेंतील पुस्तकांना फळीवर मानाची जागा कशी मिळवावी. कोणतें ज्ञान सर्वांस खुलें करावें आणि कोणतें आपल्यांतच राखावें, अशा प्रश्नांची तेथें वाटाघाट होते. याहून मोठी गोष्ट म्हणजे, आपल्या आपल्या ग्रंथालयांत बहुधा एकटा पडलेला असा मनुष्य तेथें गेला कीं एकटा राहत नाहीं.

“पण साता समुद्रांपलीकडच्या या गोष्टींचा घोडनदी आणि भीमा यांच्या कांठच्या माणसांशीं काय संबंध?” असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. कागदाचें आणि या दोन तालुक्यांचें नातें जुनें आहे, आणि तें गोड नाहीं.

शिरूर तालुक्यांतील करडें गांवच्या कुणब्यांनीं १८७४ सालच्या अखेरीस सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा झाला. सुपें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत होतें, आणि आजचा दौंडचा मुलूखही त्याच तालुक्यांत मोडे. तेथून हा वणवा भीमथडी व शिरूर तालुक्यांतील कित्येक गांवीं पसरला. या दंग्यांत शेतकऱ्यांना काय पाहिजे होतें? सोनें? धान्य? नाहीं. त्यांना पाहिजे होते ते कागद. म्हणजे सावकाराच्या पेटींतील खतें, रोखे आणि डिक्रीचे हुकुमनामे. ज्या सावकारानें कागद मुकाट्यानें पुढें टाकले त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाहीं. कागद मिळाले आणि ते जाळले, कीं जमाव घरोघर जाई. कारण उघड आहे. ज्या कागदावर आपली जमीन गेली तो शेतकऱ्याला वाचतां येत नव्हता. त्यावर काय लिहिलें आहे हें लिहिणाराला माहीत. खालीं नांगराची निशाणी करणाराला त्यांतलें कांहीं कळत नव्हतें. असल्या दुर्बळाच्या हातीं कागदाविरुद्ध एकच शस्त्र उरतें, आणि तें म्हणजे पेटलेली काडी.

पुढें सरकारनें चौकशीचें कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यांत, खतें सरकारनें नेमलेल्या रजिस्ट्रारापुढें लिहावींत, कुळाला पावती द्यावी, हिशोब दाखवावा, अशीं कलमें घालावीं लागलीं. त्याचा अर्थ एवढाच कीं, एकाच्याच हातांत असलेला कागद हा फांस असतो. तोच कागद दोघांच्या हातीं आला कीं त्याचें कवच होतें. १८७५ च्या दंग्याचा हा धडा सावकारीपुरता आमच्या लोकांनीं घेतला. ज्ञानाच्या बाबतींत तो अजून घेतलेला नाहीं, हें आमचें आजचें गाऱ्हाणें आहे.

कारण खतें जळलीं, पण दुसरा एक कागद न जळतां तसाच राहिला. १८८५ सालीं पुणें जिल्ह्याचें सरकारी गॅझेटियर तीन भागांत निघालें. त्यांत जिल्ह्यांतील एकेका जातीजमातीचें वर्णन आहे; तिचा पेहराव, तिचें खाणें, तिचीं लग्नें, तिचे देव. हें पुस्तक आजही अभ्यासकांच्या उपयोगाचें आहे, आम्ही त्याची निंदा करीत नाहीं. परंतु ज्यांच्याविषयीं तें लिहिलें त्यांनीं तें लिहिलें नाहीं, वाचलें नाहीं, आणि त्यांतली चूक दाखविण्याची त्यांना सोयही नव्हती. पुढें १९०८ सालीं पोलीस खात्यांतील वरिष्ठ अधिकारी केनेडी यानें मुंबई इलाख्यांतील ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक लिहिलें. जमातीच्या जमाती त्यांत चोर म्हणून मांडल्या. १८७१ सालीं उत्तर हिंदुस्थानांत सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या नव्या कायद्यानें आमच्या इलाख्यांतही आला. मग पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींच्या मुलाला आईच्या पोटांतून बाहेर पडतांच गुन्हेगार ठरविण्याची सोय झाली. तारांच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. सोलापूरची वसाहत आमच्या वडिलांच्या पिढीनें पाहिली आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला, पण पुस्तक गेलें नाहीं. एका पुस्तकांतील शेरा दुसऱ्या पुस्तकानें उचलला, दुसऱ्यांतला तिसऱ्यानें. आणि आज ज्यानें केनेडीचें नांवही ऐकलेलें नाहीं तोही गांवांत चोरी झाली कीं पहिलें बोट पारध्याच्या पालाकडे करतो. कायदा रद्द करावयास एक दिवस लागला. पुस्तकांतला शेरा रद्द करण्यास काय लागतें? त्याला त्याच फळीवर दुसरें पुस्तक लागतें, आणि तें पुस्तक वाचकाच्या हातीं ठेवणारा मनुष्य लागतो. पुस्तकें आतां लिहिलीं जाऊं लागलीं आहेत. कैकाडी समाजांतील लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालीं निघालें, लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ १९८७ सालीं; दोन्हींचा साहित्य अकादमीनें गौरव केला. पण तीं पुस्तकें वस्तीपर्यंत नेणारा, वस्तींतल्या पोराला शेजारीं बसवून “हें तुझें आहे” असें सांगणारा मनुष्य कोठें आहे?

येथें शहाणे लोक एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, “ज्या लोकांना अक्षरओळख नाहीं त्यांना ग्रंथालय कशाला, आणि त्यांच्यांत ग्रंथपाल कोठून येणार?” आम्ही उलट विचारतों, ग्रंथपाल म्हणजे कोण? ज्ञान जपणारा, त्याची मांडणी लक्षांत ठेवणारा, आणि मागणाऱ्याला नेमकें तेवढें काढून देणारा, तो ग्रंथपाल. ही व्याख्या मान्य असेल तर आमच्या भटक्या भावंडांत ग्रंथपाल पिढ्यान्पिढ्या आहेत. हेळवी लोकांकडे पाहा. कोल्हापूर-बेळगांवकडील कुणब्यांच्या घराण्यांच्या वंशावळी वह्यांत लिहून ते गांवोगांव फिरतात. दारांत येऊन सात पिढ्यांचीं नांवें वाचून दाखवितात आणि नव्या जन्मलेल्याचें नांव चढवितात. ही फिरती दप्तरखाना नव्हे तर काय? सिंधुदुर्गांतील पिंगुळीच्या ठाकर समाजानें चित्रकथीच्या पोथ्या जपल्या. एकेक चित्र पुढें धरावयाचें आणि कथा सांगावयाची. आमचे गोंधळी, वासुदेव, जोशी यांच्या कंठांत किती ओव्या आणि किती कथा आहेत, याची मोजदाद कोणत्या कपाटांत केली आहे?

आतां आपल्या दोन तालुक्यांपुरतें बोलूं. येथें फासेपारध्यांच्या, भिल्लांच्या, ठाकरांच्या, वडारांच्या, कैकाड्यांच्या वस्त्या आहेत. फासेपारधी तित्तिराचा आवाज काढून तित्तिर बोलावीत असे. कोणता पक्षी कोणत्या गवतांत घालतो, पाऊस लांबला तर तो कोठें जातो, हें त्याला ठाऊक असे. १९७२ च्या वन्यजीवांच्या कायद्यानें शिकार बंद झाली. पशुपक्षी राखले पाहिजेत याविषयीं वाद नाहीं. परंतु शिकारीबरोबर त्या पक्ष्यांविषयींचें ज्ञानही म्हाताऱ्यांबरोबर सरणावर चाललें आहे, आणि तें उतरवून घ्यावें असें कोणास वाटलें नाहीं. वडाराला दगडाची जात हातोड्याच्या आवाजावरून कळते. ठाकराच्या म्हातारीला रानांतली कोणती भाजी कोणत्या नक्षत्रांत खावी आणि कोणती मुळींच खाऊं नये हें कळतें. पारध्याच्या घरीं बोलली जाणारी भाषा गुजरातीच्या जवळची. तिला स्वतःची लिपी नाहीं. त्या घरचें सहा वर्षांचें मूल शाळेंत येतें तेव्हां गुरुजींचें पहिलेंच वाक्य त्याला परकें असतें. मग तें गप्प बसतें, आणि आपण म्हणतों, पोरगें मठ्ठ आहे.

बाहेरच्या देशांतील मंडळींनीं नेमक्या याच ठिकाणीं घाव घातला. ऑस्ट्रेलियांतील मूळच्या रहिवाशांच्या ग्रंथसेवकांनीं १९९५ सालीं ग्रंथालयांसाठीं नियमांची एक संहिता प्रसिद्ध केली. आमच्या लोकांविषयींचा संग्रह ठेवावयाचा तर आम्हांस विचारा, आमचीं माणसें कामावर घ्या, अपमानकारक मजकूर असेल तर वाचकाला तसें सांगा, आणि जें आमच्यांतच राखावयाचें तें चव्हाट्यावर मांडूं नका, असा तिचा थोडक्यांत भावार्थ आहे. कॅनडांतील मोहॉक समाजाचे ब्रायन डीअर यांनीं १९७० च्या दशकांत मूळच्या रहिवाशांच्या संग्रहांसाठीं पुस्तकांच्या वर्गीकरणाची एक नवी पद्धतच बसविली. वर्गीकरण ही कारकुनी बाब आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकन ग्रंथपाल ड्यूई याची १८७६ सालची पद्धत आमच्या बहुतेक ग्रंथालयांत चालते. तिच्यांत गुन्ह्यांचा क्रमांक ३६४ आणि हिंदुस्थानच्या इतिहासाचा ९५४ आहे. पारध्यांविषयींचें एक पुस्तक आलें. तें कोणत्या फळीवर लावावयाचें, ३६४ च्या कीं ९५४ च्या? ज्यानें तें ३६४ वर लावलें त्यानें १८७१ चा कायदा पुन्हां एकदां मंजूर केला, आणि तोही दोन इंच कागदाच्या चिठ्ठीवर. ही चिठ्ठी लिहिणाऱ्या हातांत एक हात त्या वस्तींतला असता तर ही चूक झाली असती काय?

ग्रंथालयांच्या बाबतींत आमचा प्रांत अगदींच मागासलेला नव्हता. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बॉर्डन नांवाचा तज्ज्ञ बडोद्यास आणला आणि गांवोगांव मोफत वाचनालयें उघडलीं. जेथें वाचनालय नव्हतें तेथें लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून पाठविलीं. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालींच ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ सालचा. त्या कायद्याखालीं आज खेडोपाडीं वाचनालयें आहेत, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि वर्गाप्रमाणें अनुदान आहे. तें अनुदान तुटपुंजें आहे, आणि ग्रंथपालांना धड वेतनश्रेणी नाहीं. या मागण्या ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांतून वर्षानुवर्षें होत आहेत आणि त्या अगदीं न्याय्य आहेत. ज्याला स्वतःच्या घरची चूल पेटविण्याची भ्रांत, त्यानें ज्ञानाचा दिवा कसा लावावा? परंतु या अधिवेशनांत आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवांत वस्तीवरच्या माणसाचें नांव किती वेळां निघतें, हें त्या मंडळींनीं आपल्याच मनाला विचारावें.

आमच्या पाहण्यांतील एक साधी गोष्ट सांगतों. या भागांतील एका वाचनालयांत आम्ही सहज बसलों होतों. दहा-बारा वर्षांचा एक पोरगा दारांत उभा राहून भिंतीवरचीं चित्रें पाहत होता. “काय रे, पुस्तक पाहिजे?” असें आम्हीं विचारलें. त्यानें मान हलविली. आंतल्या गृहस्थांनीं त्याला नियम सांगितले. अनामत रक्कम पाहिजे, राहण्याचा दाखला पाहिजे, आणि गांवांतील ओळखीच्या माणसाची सही पाहिजे. नियम सर्वांस सारखेच होते, तेव्हां गृहस्थांनीं कांहीं अन्याय केला असें त्यांना वाटलें नाहीं. पण ज्याचें पाल गायरानांत आहे त्यानें राहण्याचा दाखला कोठून आणावा? आणि त्याला ओळखतों असें सही करून सांगणारा गांवांत कोण? पोरगा कांहीं न बोलतां निघून गेला. गृहस्थ आम्हांस म्हणाले, “यांना वाचनाची आवड नसते.” आम्हीं मान खालीं घातली, कारण ते गृहस्थ परके नव्हते, आमच्याच बहुजन समाजांतले होते.

हीच गोष्ट आम्हांला सर्वांत बोंचते. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं ‘दीनबंधु’ काढला. मुकुंदराव पाटलांनीं नेवासें तालुक्यांतल्या तरवडीसारख्या खेड्यांत राहून ‘दीनमित्र’ चालविला. या सर्वांचें म्हणणें एकच होतें, कीं ज्ञान हें कोणा एका जातीच्या देवघरांतलें तीर्थ नव्हे. तें म्हणणें खरें ठरलें. शाळा आमच्या झाल्या, सोसायट्या आमच्या झाल्या, साखर कारखाने आमचे झाले, वाचनालयाची कमिटीही आमची झाली. पण झालें काय? भटजीच्या कमरेची किल्ली पाटलाच्या कमरेला आली, आणि कुलूप होतें तिथेंच राहिलें. मग भटशाहीला शिव्या देण्याचा आम्हांला अधिकार काय उरला? ज्या रांगेंत आपण कालपर्यंत शेवटीं उभे होतों त्या रांगेंत आज आपल्या मागें कोण उभें आहे, हें मान वळवून पाहणें, हीच खऱ्या सत्यशोधकाची परीक्षा आहे.

याच दोन तालुक्यांपैकीं एकांत याचा एक उलट दाखलाही आहे. दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांत सांपडलेल्या आणि टाकून दिलेल्या बायकामुलींना आसरा दिला. त्यांच्या धर्मांतराविषयीं कोणाचें मत कांहींही असो. पण त्या आश्रमांत छापखाना होता, आणि ज्या मुलींना जगानें टाकाऊ ठरविलें त्याच मुली खिळे जुळवीत आणि कागद छापीत. रमाबाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथेंच छापलें गेलें. १९२२ सालीं बाई वारल्या. त्यांनीं त्या मुलींना पुस्तक केवळ वाचावयास दिलें नाहीं, पुस्तक घडविण्याचें हत्यार हातीं दिलें. शंभर वर्षांपूर्वीं केडगांवांत जें झालें तें आज शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर होणार नाहीं असें म्हणणें म्हणजे आपल्या आळसाला नशिबाचें नांव देणें आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील वस्त्यांवरचीं शिकलेलीं मुलेंमुली, अंगणवाडीच्या ताई, आश्रमशाळांतून बाहेर पडलेले तरुण, गावच्या वाचनालयांत झाडलोट करणारे आणि ग्रंथपालाचें काम करणारे त्या समाजांतले कोणी असतील ते, आणि त्यांच्याबरोबर ज्यांच्या कंठांत ज्ञान आहे ते म्हातारे आणि म्हाताऱ्या, यांचा एक मेळा भरवावा. तो ३१ ऑगस्ट रोजीं, म्हणजे विमुक्त दिनीं भरवावा. ऊसतोडीचा हंगाम त्या वेळीं सुरू झालेला नसतो, तेव्हां माणसें घरीं सांपडतात. एक वर्ष शिरूरास, दुसरें वर्ष दौंडास. शिरूर हें पुणें-अहिल्यानगर रस्त्यावर आहे; दौंड हें तर आगगाडीचें मोठें जंक्शन, सोलापुराकडून आणि मनमाडाकडून येणाऱ्यांनाही सोयीचें. दोन तालुक्यांमधून भीमा वाहते. ती दोघांनाही पाणी देतांना जात विचारीत नाहीं, तेवढी अक्कल मेळ्यानें तिच्याकडून घ्यावी.

मेळ्यांत काय करावें? प्रथम, भाषणें थोडीं करावींत. पुढाऱ्यांना व्यासपीठ देऊं नये. त्यांनीं खालीं बसून ऐकावें, त्यांना ती सवय हवीच आहे. दुसरें, ज्या म्हाताऱ्याला पक्ष्यांचें कळतें, ज्या म्हातारीला रानभाज्यांचें कळतें, त्यांच्यापाशीं त्यांच्याच नातवंडांनीं बसून तें त्यांच्या बोलींत देवनागरींत उतरून घ्यावें. आज हरेकाच्या खिशांत आवाज टिपणारें यंत्र आहे. तें सिनेमाच्या गाण्यांसाठींच आहे असें नाहीं. तिसरें, उतरून घेतलेलें कोणाला दाखवावें आणि कोणाला नाहीं, हें त्या समाजानेंच ठरवावें. औषधी मुळीचें नांव उद्यां कोणा कारखानदाराच्या बाटलीवर दिसूं नये. चौथें, ज्या वहींत तें ज्ञान उतरलें तिची एक प्रत वस्तीवर राहावी आणि एक गांवच्या वाचनालयांत जावी, लिहिणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या नांवानिशीं. पांचवें, त्या त्या वाचनालयाच्या कमिटीवर वस्तींतील एक माणूस घ्यावा, आणि आठवड्यांतून एक दिवस तरी कपाटाची किल्ली त्याच्याकडे द्यावी. अनामत आणि दाखला यांच्या जागीं त्या माणसाचा शब्द पुरे समजावा. पुण्यास आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिच्याकडे ग्रंथसंग्रह आहे; तेथें काय आहे आणि आपल्याविषयीं काय लिहून ठेवलें आहे, हें पाहावयास या मुलांची एक तुकडी जावी.

कांहींजण म्हणतील, “ग्रंथपालांना जात कशाला चिकटवितां? यानें फूट पडेल.” या आक्षेपाचें उत्तर आम्ही शांतपणें देतों. ग्रंथपालाला जात नसावी हें आम्हांलाही मान्य आहे. पण आज पुस्तकाला जात आहे, फळीला जात आहे, आणि दारांत उभ्या राहिलेल्या पोराला तर जात आहेच. ज्याचें नांव कागदावर कोणी दुसऱ्यानेंच लिहिलें त्याला तें स्वतःच्या हातानें लिहूं द्यावें, यांत फूट कसली? फूट तर १८७५ च्या आधींच पडलेली होती. एका बाजूला कागद लिहिणारा, दुसऱ्या बाजूला नांगराची निशाणी करणारा. ती सांधावयाची असेल तर दोघांच्या मध्यें पुस्तक उघडें ठेवून बसलें पाहिजे. आणि हा कांहीं आमच्याच डोक्यांतला विचार नव्हे. संयुक्त राष्ट्रांनीं २००७ सालीं मूळच्या रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्यांत आपला इतिहास, आपली भाषा आणि आपल्या तोंडी परंपरा पुढच्या पिढीला देण्याचा हक्क मानला आहे. आपल्या देशानें त्याच्या बाजूनें मत दिलेलें आहे. मत न्यूयॉर्कला दिलें. त्याचा हिशोब शिरूर-दौंडास द्यावयाचा राहिला आहे.

दुसरे कोणी म्हणतील, “आधीं भाकरी द्या, आधीं जमिनीचा तुकडा द्या, जातीचा दाखला द्या; मग ग्रंथालयाच्या गोष्टी बोला.” यांचें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. भाकरी पहिली, यांत शंका नाहीं. परंतु दाखला कां मिळत नाहीं? जुन्या वास्तव्याचा पुरावा नाहीं म्हणून. पुरावा कां नाहीं? कागद जपला नाहीं म्हणून. कागद कां जपला नाहीं? तो कागद आपला आहे असें त्यांना कधीं कोणी वाटूंच दिलें नाहीं म्हणून. जोतीरावांनीं अविद्येपासून अनर्थापर्यंतची साखळी दाखविली, तिची शेवटची कडी आजही पारध्याच्या पालांत खळखळते. वंशावळ लिहिलेली, जन्ममृत्यु नोंदलेले, आजोबा कोणत्या सालीं कोणत्या गांवीं होते हें दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घेतलेलें, अशी एक वही वस्तीवर असेल तर ती वहीच उद्यां भाकरीचें दार उघडण्यास हातभार लावील. तेव्हां ग्रंथालय हें भाकरीच्या नंतरचें नाहीं. तें भाकरीच्या वाटेवरचें आहे.

शेवटीं आमच्या तरुण बंधुभगिनींना, विशेषतः वस्तींतून शिकून पुढें आलेल्यांना, आमचें सांगणें आहे. शहरांत नोकरी लागली म्हणून नांव बदलून, बोली विसरून राहूं नका. तुम्ही एकटे नाहीं. न्यूझीलंडांतल्या माओरी ग्रंथपालाला जें वाटतें तेंच तुम्हांला वाटतें, आणि त्यानें त्याचा उपाय शोधला. तो उपाय म्हणजे आपल्यासारख्या दुसऱ्याला गांठणें. आणि गांवांतील पाटील, सरपंच, वाचनालयाचे चिटणीस यांना आमचें हात जोडून सांगणें आहे, कीं कमरेची किल्ली एकदां काढून हातांत घ्या आणि नीट पाहा. तुमच्या खापरपणज्यानें सुप्याच्या नाहीं तर करड्याच्या रस्त्यावर कागद जाळले असतील, कारण त्याला ते वाचतां येत नव्हते. आज तुम्हांला वाचतां येतें. ज्याला अजून येत नाहीं त्याच्यावर काडी ओढण्याची पाळी आणूं नका. त्याला किल्ली द्या.

येत्या ३१ ऑगस्टला दोन्ही तालुक्यांतून निदान पांच वाचनालयांनीं हें एवढें केलें, तरी आमच्या या चार शब्दांचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. तूर्त इतकेंच.